पाकिटातल्या दोन गोळ्या

पडद्याआड पाठमोरी उभी राहून आईने पाकिटावर अंगठा दाबला. चंदेरी कागद फाटून गोळी तळहातावर पडली, त्याचा एवढासा आवाज झाला, तरी तिने चटकन दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. बाराच्या राउंडला अजून चाळीस मिनिटं. गोळी अंगात भिनायला तेवढी पुरतात, हे गणित तिला दोन दिवसांत पाठ झालं होतं.

"ऊठ. आ कर."

पलंगावरच्या लेकीने डोळे न उघडताच आ केला. आईने गोळी जिभेवर ठेवली, मानेखाली हात घालून तिचं डोकं उचललं आणि बाटलीतलं पाणी पाजलं. मान भाजत होती.

"किती उरल्या गं?" लेकीने विचारलं.

"दोन. तू कशाला मोजतेस? पड."

दाराच्या आतल्या बाजूला पाटी होती : रुग्णास बाहेरचे कोणतेही औषध देऊ नये. आईने ती पहिल्याच दिवशी वाचली होती आणि चारचौघांसारखं ठरवून टाकलं होतं की पाट्या इतरांसाठी असतात. पाकीट तिने शिवणाच्या पिशवीत, मापाच्या टेपखाली सारलं आणि पिशवीची चेन ओढली.

लेक चार वर्षांची असताना तापात तिला झटके आले होते. आई तेव्हा मशीनवर कुणाची तरी पँट आखूड करत होती. पायाशी चिंध्यांत खेळणारी पोर एकाएकी ताठ झाली, डोळे वर गेले. तिला उचलून आई भर रस्त्यातून धावली. गळ्यातली टेप मागे लोंबत होती, आणि एका पायातली चप्पल कुठे राहिली ते पुढे कधीच कळलं नाही. तेव्हापासून तापाशी तिचं उभं वैर. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर ताक दिसलं की भांडंच पालथं करणारी. पिशवीत एक वेळ दोरा नसेल, पण तापाच्या गोळ्या असायच्याच. तिच्या तळहाताची गल्लीत ख्याती होती. शेजारणी पोरं घेऊन तिच्या शिवणाच्या दुकानात यायच्या, ती कपाळाला हात लावून "नव्याण्णव" किंवा "शंभराच्या वर गेलाय" असं सांगायची, आणि घरी जाऊन थर्मामीटर लावला की तोच आकडा यायचा.

सोमवारी संध्याकाळी त्याच तळहाताने तिला सांगितलं, शंभर. सहाचा राउंड अर्ध्या तासावर होता. सिस्टर येऊन थर्मामीटर लावणार, आकडा केसपेपरवर लिहिणार, आणि मग आकडा बिघडला असं होणार. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा ती दाराशीच रुमाल ओला करून पोरीचं तोंड पुसायची. त्याच घाईने तिने पहिली गोळी काढली होती. सहा वाजता थर्मामीटरने अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ दाखवलं, आणि तिला वाटलं, चला, एक संकट टळलं.

लेकीचं घरातलं नाव टकळी. बोलायला लागली तशी तोंडाची टकळी थांबलीच नाही, म्हणून. टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची, तिथेही लोक दुसरी खिडकी मोकळी असताना हिच्या रांगेत उभे राहायचे. रविवारी सकाळी न्हाणीघरातून तिने हाक मारली, "आई, मला काहीतरी झालंय," आणि त्यानंतर ती फारसं बोलली नव्हती. तिला दिवस गेलेले, चौथा महिना नुकताच लागला होता. गर्भाभोवतीची पिशवी फुटून सगळं पाणी निघून गेलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेल्या. त्यांनी रविवारी काही लपवलं नाही.

"पाणी राहिलेलं नाही. हे मूल टिकणार नाही. दोन-चार दिवस, फार तर आठवडा. पण ठोके आहेत. ठोके आहेत तोवर आम्हाला हात लावता येत नाही."

"म्हणजे काय करायचं?" जावयाने विचारलं होतं.

"वाट बघायची."

"कशाची?"

त्यावर मात्र त्या आडून आडून बोलायला लागल्या. आम्ही लक्ष ठेवून आहोत, सहा-सहा तासांनी तपासू. सध्या आकडे चांगले आहेत. आकडे बिघडले तर मग वेगळा विचार करावा लागेल. एवढं बोलून त्यांनी दाराकडे पाहिलं होतं, अगदी आई आत्ता गोळी काढताना पाहत होती तसं.

पोटातल्या मुलाचे ठोके चालू असताना डॉक्टरांना हात लावायला बंदी करणारा नवा कायदा येऊन वर्ष होत आलं होतं. दुकानात गिऱ्हाइकं त्यावर तावातावाने बोलायची, तेव्हा आईच्या तोंडात टाचण्या असायच्या. टाचण्या काढून ती एकदाच म्हणाली होती, आपल्याला काय करायचंय. रविवारपासून ते वाक्य तिला अधूनमधून आठवत होतं. आकडे बिघडले तर वेगळा विचार, हे शब्दही तिची पाठ सोडत नव्हते. वेगळा विचार म्हणजे काय, हे विचारायची तिची छाती झाली नाही. तिने ठरवलं, आकडेच बिघडू द्यायचे नाहीत.

बाराला पाच कमी असताना जावई आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याही इमारतीत शिरला की आधी लिफ्टची नाडी बघायचा.

"आई, यांची लिफ्ट अजून अर्धा इंच खालीच थांबते. तीन दिवस सांगतोय. म्हातारीने जिना उतरताना शेवटची पायरी विसरावी तशी करते." मग तो पलंगाशी बसला आणि बायकोचा हात हातात घेतला. "टकळीबाई, आज काही बोलणार की अळीमिळी गुपचिळी?"

"पाठ दुखतेय," ती म्हणाली.

"पाहुणे हट्टी आहेत तुझे."

पाहुणे हा त्याचाच शब्द. चाचणी झाली त्या दिवसापासून तो पोटातल्या जिवाला पाहुणे म्हणायचा. पाहुण्यांना चहा चालत नाही, पाहुण्यांना माझ्या गाडीचे हादरे बसतात. आताही तो सवयीने म्हणून गेला, आणि लेकीने तोंड भिंतीकडे केलं. त्याने तिचा हात सोडला नाही.

सिस्टर आली. तिच्या एप्रनचा खिसा फाटून लोंबत होता, तो आईने कालच पिशवीतल्या दोऱ्याने शिवून दिला होता. टीप पाहून सिस्टर म्हणाली होती, "हा एप्रन फाटेल, खिसा नाही फाटायचा." आज तिने थर्मामीटर लावून बघितला आणि झटकून पुन्हा लावला.

"नव्याण्णव पॉइंट दोन."

आईने सुटकेचा श्वास सोडला. सिस्टरने मनगट धरून नाडी मोजली, एकशे अठरा, आणि तो आकडा लिहिताना तिच्या कपाळाला आठी पडली. तिने आपला हात उपडा करून लेकीच्या गालाला लावला. मग ती आईकडे बघत राहिली, आणि आई सलाईनच्या थेंबांकडे.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं मशीन ढकलत आल्या. पोटावर थंड जेल लावलं. मशीनचा आवाज त्यांनी आधीच बंद करून ठेवला होता, पडदाही आपल्याकडे वळवला होता.

"आहे?" लेकीने विचारलं.

"आहे."

या एका शब्दासाठी बायका कुठे कुठे खेटे घालतात. इथे तो ऐकून कुणाला काय वाटून घ्यावं हेच कळेना. लेकीच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरलं, आणि आईने ते पदराने टिपलं.

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या आणि दाराबाहेरच फोनवर बोलू लागल्या. दार पुरतं लागलेलं नव्हतं.

"नाडी एकशे अठरा. पांढऱ्या पेशी कालच्या दुप्पट… नाही, ताप नाही. मी सांगतेय ना, पोट दुखतंय तिचं, वास यायला लागलाय… नाही. ताप नाहीच. हो, कागदावर ताप लागतो, मला माहीत आहे वकीलसाहेब… ठीक आहे. थांबते."

ताप नाही, हे ऐकून आईला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण दाराच्या फटीतून तिला डॉक्टरीणबाईंचा चेहरा दिसला. फोन ठेवून त्या भिंतीला टेकल्या होत्या आणि दोन्ही हातांनी डोळे दाबत होत्या. ताप नाही म्हणताना या बाईचा चेहरा असा का उतरावा? आईला कळेना. गिऱ्हाइकाने कपडा घालून बघितला, बसतोय म्हणाला, तरी आरशात काहीतरी ओढलेलं दिसावं, तसं तिला झालं.

एक वाजता सिस्टर चादर बदलायला आली. जावई खाली फोनवर होता; हा कायदा नसलेल्या, सीमेपलीकडच्या इस्पितळात कुणी ओळखीचं निघतं का ते बघत होता. सिस्टरने आणि आईने मिळून लेकीला कुशीवर वळवलं. खुर्चीतली पिशवी बाजूला करायला सिस्टरने उचलली, तिची चेन अर्धवटच लागलेली होती. टेप निसटून खाली पडली आणि टेपच्या मागोमाग पाकीट.

सिस्टरने ते उचललं. दिव्याकडे धरून पाहिलं, आठ घरं रिकामी होती. आईला वाटलं, आता हजेरी घेणार. पाटीकडे बोट दाखवणार, आपल्याला बाहेर काढणार. सिस्टरने आधी चादर नीट खोचली. मग जाऊन दार लावलं आणि स्टुलावर बसली. तीन दिवसांत आईने कुठल्याच सिस्टरला बसलेलं पाहिलं नव्हतं.

"कधीपासून?"

"सोमवार संध्याकाळपासून."

"कधी कधी देता?"

"तुम्ही यायच्या आधी. अर्धा-पाऊण तास आधी." आईचा आवाज खाली गेला. "चुकलं माझं. पाटी वाचली होती मी. पण लहानपणी तिला झटके आले होते हो तापात. म्हटलं, आकडे चांगले राहिले तर घरी तरी सोडाल."

सिस्टरने पाकिटाची रिकामी घरं बोटाने चाचपली.

"बाई, तुम्ही हे करा किंवा करू नका, असं मला काही सांगता येत नाही," ती अगदी हळू म्हणाली. "सांगितलं तर माझी नोकरी जाईल, ते सोडा. कोर्टाची पायरी चढावी लागेल. गेल्या महिन्यात एकीला लागली." मग जरा थांबून, "एक विचारते. गिऱ्हाईक जाड स्वेटर घालून आलं, तर माप कसं घेता?"

"स्वेटर काढायला लावते."

"का?"

"नाहीतर माप खोटं येतं."

सिस्टरने मान हलवली नाही. पाकीट आईच्या हातात दिलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"गोळीचा असर पाच-सहा तास. त्यानंतर थंडी वाजायला लागली तर बेल दाबा. राउंडची वाट बघू नका."

ती गेल्यावर आई तशीच उभी राहिली. तीस वर्षं मापं घेण्यात गेली होती. अर्ध्या बोटाने चुकलेली बाही तिला रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या अंगावरही दिसायची. आणि इथे तिने स्वतःच्या पोरीचं माप आठ वेळा स्वेटरवरून घेऊ दिलं होतं.

जावई वर आला तेव्हा तिने त्याला व्हरांड्यात गाठलं.

"त्या डॉक्टरांच्या कागदावर काय लिहायचं असतं हो?"

"कुठल्या? तो परवानगीचा?" तो खिडकीच्या कठड्याला टेकला. "मला दाखवला होता रविवारी. ताप एकशे एकच्या वर पाहिजे. एकदा नाही, दोनदा, मध्ये एक तास. मग दोन डॉक्टरांच्या सह्या. मग जिवाला धोका आहे असं कायदा मानतो. तोवर तिचं सगळं उत्तम चाललंय."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगणार, आई? तुमच्या लेकीला ताप येऊ दे म्हणून बघत बसा?" तो हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "परवापासून मनात एकच चाललंय, चढू दे एकदाचा. आपल्याच बायकोला ताप यावा म्हणून वाट बघणारा नवरा पाहिलाय का तुम्ही कुठे? आणि ही बया आजारीसुद्धा नीट पडत नाही."

आईने खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"पलीकडच्यांचं काय झालं?"

"घेतील म्हणतात. चार तासांचा रस्ता. इथली अँब्युलन्स सीमा ओलांडत नाही, आणि आपल्या गाडीतून नेलं आणि वाटेत रक्त सुटलं तर, असं डॉक्टर म्हणाल्या." त्याने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "लिफ्ट अडकली तर मी माणसाला दहा मिनिटांत काढतो हो. वर हाताने फिरवायचं एक चाक असतं. इथे चाक कुठे आहे तेच सापडत नाही."

अडीच वाजले, तीन वाजले. आई खुर्चीत बसून राहिली. एरवी तिचा हात दर पाच मिनिटांनी कपाळाकडे जायचा. आज तिने तो मांडीखाली दाबून धरला होता. सव्वातीनला राहवेना, तेव्हा हात लावला. शंभर. पावणेचारला लेकीचे दात वाजायला लागले. आईने पायथ्याची घडी उघडून ब्लँकेट अंगावर घातलं, मग शेजारच्या रिकाम्या पलंगावरचंही घातलं. ताप असलेल्या पोराची पांघरुणं काढून टाकायची, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, हे तिनेच निम्म्या गल्लीला शिकवलं होतं.

चार वीसला तिने बेल दाबली.

सिस्टर केसपेपर घेऊन आली. मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या आणि दाराशीच थांबल्या.

"थर्मामीटर लावायच्या आधी एक विचारावं लागतं, नियम आहे," सिस्टर कागदावर नजर ठेवून म्हणाली. "गेल्या सहा तासांत रुग्णाला बाहेरचं काही औषध दिलंय का?"

घड्याळात पाच तास झाले होते. आईने सिस्टरच्या शिवलेल्या खिशाकडे पाहिलं.

"नाही."

सिस्टरने लिहिलं. एकशे एक पॉइंट सहा. तेही लिहिलं, वेळेसकट.

"एक तास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात घाई होती. "थिएटर तयार ठेवायला सांगते. रक्त मागवते. पण एक तास."

"आता देऊन टाका ना काहीतरी तापावर," जावई म्हणाला. "लिहिला ना एकदा?"

दुसरा आकडाही तसाच यायला हवा, हे त्याला बोलता बोलताच समजलं, आणि तो खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

तो तास आईने कसा काढला ते तिला नंतर सांगता आलं नसतं. लेकीचे गाल लाल झाले, ओठ कोरडे पडून चिरले. श्वास भराभर चालला होता. पांघरुणाखाली तिचे पाय सारखे हलत होते. पाच वाजता तिने डोळे उघडले.

"आई, गोळी दे ना."

आईची पिशवी मांडीवर होती. पाकीट टेपखाली होतं, कापडावरून हाताला लागत होतं.

"आई. खूप भाजतंय. दे ना एक."

तीस वर्षांची बाई होती ती, खिडकीमागून लोकांना दरडावणारी. आवाज मात्र चार वर्षांच्या पोरीचा होता.

"संपल्या."

लेक तिच्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मग तिने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा मागितली नाही. आईला ते मागण्यापेक्षा वाईट वाटलं. तिने लेकीची बोटं हातात घेतली आणि घड्याळाच्या मोठ्या काट्याला मनातल्या मनात ढकलत बसली. पाच दहा. पाच बारा. मोठा काटा तर तिथेच खिळल्यासारखा झाला होता.

पाच वीसला सिस्टर आली. थर्मामीटर लावला, काढला, उजेडात धरला.

"एकशे तीन पॉइंट एक."

"बरं झालं," आई म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिने स्वतःच ते ऐकले.

त्यानंतर सगळं इतक्या भराभर झालं, की तीन दिवस इथे हे सगळं असूनही आपण कशासाठी थांबलो होतो, असं कुणालाही वाटलं असतं. दुसरे डॉक्टर सही करून गेले. सलाईनमधून दोन इंजेक्शनं गेली. स्ट्रेचर आलं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला तशी लेक किंचाळली, आणि त्या पळतच पुढे गेल्या. लिफ्टचं दार उघडलं. लिफ्ट नेहमीप्रमाणे अर्धा इंच खाली थांबली होती. स्ट्रेचरची चाकं काठावरून आपटणार, तेवढ्यात जावयाने वाकून दांडा दोन्ही हातांनी पेलला आणि अलगद आत उतरवला. त्याला इस्पितळात करता आलेलं तेवढं एकच काम होतं.

लेकीने मान वळवली. आई दाराशी होती.

"आई."

आई जवळ वाकली. लेकीच्या तोंडाला तापाचा वास येत होता.

"त्या दोन ठेव हं," ती म्हणाली. "आल्यावर दे मला."

लिफ्टचं दार लागलं.

खाली, थिएटरच्या बाहेर लोखंडी बाक होता. दारावर लाल दिवा लागलेला होता. आई बाकावर बसली, तिच्या मुठीत पाकीट होतं. ते पिशवीतून कधी काढलं तिला आठवत नव्हतं. पावणेसहाला दार उघडून डॉक्टरीणबाई तेवढ्यापुरत्या बाहेर आल्या. मास्क हनुवटीवर होता.

"विष रक्तात पसरलंय. आम्ही करतोय. कालपर्यंत हातात मिळाली असती तर…" त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "बसा तुम्ही. वेळ लागेल." आणि दार पुन्हा लागलं.

जावई येरझारा घालत होता, तो थांबला. आईच्या शेजारी येऊन बसला आणि कोपर गुडघ्यांवर टेकून जमिनीकडे बघत राहिला.

"कालच का नाही चढला हो ताप?" तो म्हणाला. "काल ती अशीच तळमळत होती. मला वाटलं होतं, आता चढतो, मग चढतो. प्रत्येक राउंडला नव्याण्णव. असं कसं होतं?"

आईच्या मुठीत पाकिटाची कड रुतत होती. सांगायला हवं, असं तिला वाटलं. जन्मभर याच्या शेजारी बसून आपल्याला हे गिळता येणार नाही. पण शब्द जुळेनात. कुठून सुरुवात करावी? झटक्यांपासून, की चप्पल हरवली तिथून, की आकडे चांगले आहेत म्हणाले तिथून? शेवटी तिने मूठ उघडली आणि पाकीट त्याच्या तळहातावर ठेवलं. आठ रिकामी घरं वरच्या बाजूला होती.

त्याने खाली पाहिलं.

"तुमच्या लक्षात आलं होय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "सकाळपासून डोकं ठणकतंय माझं. तुमचं आपलं बरं, आई, सगळ्यांचं बघता."

त्याने एक गोळी काढली, पाण्याशिवाय गिळली, आणि पाकीट तिच्या हातात परत दिलं.

आईने ते टेपच्या खाली ठेवलं. पिशवीची चेन या वेळी शेवटपर्यंत ओढली, आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून ती लाल दिव्याकडे बघत बसली. पाकिटात एकच गोळी उरली होती.